‘आले’चं तोंड

६ जानेवारी

नवं काम आलं म्हणून नवी वही. प्रत्येक मोठ्या कामाला वही ठेवायची ही माझी शिस्त, कुणी शिकवलेली नाही. मला कुणीच काही शिकवलेलं नाही. सिनेमागृहामागे फेकलेले रिळांचे तुकडे उजेडासमोर धरून मी चालणं, पळणं, पडणं शिकलो. हल्ली सगळे संगणकावर बोटं फिरवतात. कागदावर एकेक चित्र काढून ते हलवणारा या गावात मी एकटा उरलोय. खालच्या छापखान्यातला यंत्रवाला मला ‘कार्टूनवाले’ म्हणतो. त्याला समजावून सांगितलं की मी चलचित्रकार आहे. आता तो ‘चलचित्रकार कार्टूनवाले’ म्हणतो.

काम एका संस्थेचं आहे. संस्थेच्या बाई स्वतः आल्या, एक आवाज ध्वनिमुद्रित करून घेऊन. बोलणारी व्यक्ती मुलगा म्हणून जन्मली, पण आपण मुलगी आहोत असं तिचं म्हणणं. घरी सांगितलं तेव्हा बापानं मरेस्तोवर मारलं. त्याची हकीकत. नाव कळू द्यायचं नाही ही अट. मला नाव घेऊन काय करायचंय! मला तोंड हवं.

बाई म्हणाल्या, “जसं घडलं तसं काढू नका. जसं वाटलं तसं काढा.”

मी म्हटलं, “वाटण्याला हाडं नसतात. मला हाडं लागतात.”

बाई हसल्या आणि त्यांनी खारूकडे बघितलं. काम खारूनंच आणलं. खारू म्हणजे माझा भाचा, ताईचा एकुलता एक. लहानपणी दोन्ही गालांत माझ्या पेन्सिली कोंबून बसायचा, म्हणून नाव मीच ठेवलं. गेल्या पावसाळ्यात डोळा सुजलेला, एक दात पडलेला असा माझ्या दारात उभा राहिला. मोटरसायकलवरून पडला म्हणे. तेव्हापासून मागच्या खोलीत राहतो आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघा शाईनं पक्क्या करतो. हात चांगला आहे. त्याला सांगत नाही.

बाई गेल्यावर म्हणाला, “मामा, हे काम पुरं झालं की तुला एक गोष्ट सांगायची आहे.”

लग्नाचं असणार. मुलगी कोण, ते मी विचारलं नाही. आपणहून सांगेल.

९ जानेवारी

आवाज फोडला. आमच्या कामात आवाज नुसता ऐकून भागत नाही, अक्षर अक्षर सुटं करावं लागतं. मग प्रत्येक अक्षराला तोंड. माझा तोंडांचा तक्ता भिंतीवर आहे, त्याच्याशेजारी आरसा. म-प-ब ला ओठ बंद. आ ला जबडा खाली. ओ ला ओठांचा चंबू. ए ला कडा बाहेर, दातांची पट्टी दिसते. चेहऱ्याचा कागद खाली, तोंडाचा कागद वर, म्हणजे तोंड तेवढं बदलता येतं. ही युक्तीही माझी मीच शोधली. पुढे कळलं की जगात सगळे असंच करतात.

आवाज बारीक, जपून लावलेला, पण तळाशी खरखर. ‘मग’ म्हणायच्या आधी नाकातून एक छोटा श्वास आत, टिक्, दिव्याचं बटण दाबल्यासारखा. असला बारकावा दुसऱ्या कुणाच्या कानाला लागला नसता.

हकीकत अशी. बाप पट्ट्यानं मारतोय. प्रत्येक फटक्याला विचारतोय, “कोण आहेस तू?” आवाज म्हणतो, “मी म्हणाले, तुमची मुलगी.” मग पुढचा फटका. मग पट्टा उलटा धरून बकलाच्या बाजूनं. दात पडतो, जमिनीवर गोल फिरत राहतो. घराबाहेर काढतात. सकाळी परत दाराशी. दाराची खालची कडी अडकणारी. बाहेरच्यानं पायानं दार दाबून धरलं तर आतल्याला ती काढता येते. आवाज म्हणतो, “मी पाय लावून उभी राहिले आणि म्हणाले, आई, मी आले.” आतून आई विचारते, “कोण?” आवाज म्हणतो, “मी.”

मुद्रण इथे संपतं. दार उघडलं का, ते नाही.

मुद्रण तीनदा लावलं, खोटं कशाला लिहू. पण एक गोष्ट खटकली. पुरुष म्हणून जन्मलेला माणूस ‘मी आले’ कसा म्हणेल? दुःख दुःखाच्या जागी, व्याकरण व्याकरणाच्या जागी. ‘आलो’ म्हणायला हवं.

१३ जानेवारी

खारूनं दृश्यांचे आराखडे केले. बघून डोकं फिरलं.

गाडीच्या सीटला घालतात तसलं तपकिरी रेग्झीन, त्याची मुलाच्या आकाराची खोळ. आत मुलगी. एक माणूस बाकदार सुईनं ती खोळ शिवतोय आणि सुई दर टाक्याला आतल्या अंगातून जातेय. रक्ताऐवजी टाक्यांतून केस बाहेर येतात. माणसाचा हात कोपरापासून पट्टा होतो, पट्ट्याचं बकल जबडा होतं आणि खांद्याचा घास घेतं. घराच्या पायऱ्या दाढा होतात. शेवटी मुलगी आतून दातांनी शिवण उसवते, तेव्हा आधी तोंड बाहेर पडतं. नुसतं तोंड. ते भिंतीवरून सरपटत दारापर्यंत जातं.

मी म्हटलं, “अरे, प्रमाण? खांदा कुठे, हात कुठे! शरीरच बरोबर नाही.”

“मामा, शरीर बरोबर असतं तर ही गोष्टच नसती.”

मी पेन्सिलीला टोक केलं. सुईची पकड मात्र त्यानं हुबेहूब काढलीय. भाऊजी, म्हणजे त्याचे वडील, गाड्यांच्या सीटा शिवतात. बघून बघून शिकला असणार. बापाचा धंदा मुलाच्या कामाला आला, बरं वाटलं.

एक खोड लागलीय त्याला. धड कर्ता-क्रियापद बोलत नाही. ‘मी जातो’ म्हणायच्या ऐवजी ‘जायचंय’. ‘मी जेवलो’ नाही, ‘जेवण झालं’. ‘मी झोपतो’ नाही, ‘झोप येतेय’. आज विचारलं, “तुझा ‘मी’ कुठे हरवला रे?”

“सापडेल,” म्हणाला. सर्दीही झालीय वाटतं. बोलता बोलता नाकानं टिक् करतो.

१७ जानेवारी

आज हात उचलला. वही आहे म्हणून लिहितो.

शेवटच्या दृश्याची तोंडं मी काढून दिली होती. ‘आई, मी आलो.’ शेवटी ओ, ओठांचा सुरेख चंबू. खारूनं शाईला घेताना विचारलं, “मामा, आवाज ‘आले’ म्हणतोय.”

“ऐकलं मी. चूक दुरुस्त केली.”

“चूक कशावरून?”

“मला व्याकरण शिकवू नकोस. सहावीनंतर शाळा सोडली, पण माझ्या पत्रात काना-मात्रा काढून दाखव.”

त्यानं टाक पुसून ठेवला. जेवून आलो तर माझ्या पानांवर खोडरबर फिरलेलं. सगळे ओ पुसून त्यानं ए काढून ठेवलेले. माझ्या पानावर! इतक्या वर्षांत माझ्या पानाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती. टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि त्याच्या बोटांवर हाणली. एकदा, आणि परत एकदा. बोटाच्या पेरावरचं कातडं फाटलं. रक्ताचा थेंब कागदावर पडला तसा त्यानं आधी कागद बाजूला सरकवला, मग हात.

ओरडला नाही. बोटांकडे बघून हसला. “पट्टीच आहे. पट्टा नाही,” म्हणाला.

कसला विनोद तो, कळलं नाही. पण दिवसभर कानात बसला. तोंडं मी परत ओची काढली. संध्याकाळी तो मुकाट्यानं शाई भरत होता, बोटांना चिंधी बांधून.

१८ जानेवारी

चाचणीसाठी तेवढा तुकडा चालवून पाहिला. आवाज ‘आले’ म्हणतो, तोंड ‘आलो’ म्हणतं. बघताना दात आंबल्यासारखं होतं. संस्थेच्या बाईंना दाखवला. त्यांनी विचारलं, “हे मुद्दाम केलंत?”

म्हटलं, “आवाज पुन्हा मुद्रित करून घ्या, मग जुळेल.”

बाईंनी पर्स उचलली. खारू खिडकीशी उभा होता, पाठ करून. जाताना बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. एवढी सलगी कधी झाली?

२२ जानेवारी

पट्टा जमत नव्हता. हवेत पट्टा कसा वळतो ते मनानं काढलं की साप होतो. पट्टा साप नसतो. त्याचं टोक आधी मागे राहतं आणि मग सगळ्यांच्या पुढे जातं. हे बघूनच काढायला हवं. म्हटलं, भाऊजींच्या दुकानात पट्टेच पट्टे, आणि दुकानामागेच ताईचं घर. शिवाय योगायोग असा की ताईच्या दाराची खालची कडी तशीच अडकते. एका फेरीत दोन्ही कामं.

खारूला कुठे जातोय ते बोललो नाही. तो छापखान्यात कागद कापून घ्यायला गेला होता.

भाऊजी एका मोटारीची सीट उलटी टाकून बसले होते. “या मेहुणे! आमचे चिरंजीव काय म्हणतात? अजून तुमच्या पदराआडच का?”

“कामाला वाघ आहे,” म्हटलं. का कुणास ठाऊक, त्यांच्यासमोर त्याची तारीफ करावीशी वाटली.

“वाघ!” ते हसत सुटले.

मी कारण सांगितलं. भाऊजींना गंमत वाटली. भिंतीवरून एक जाड पट्टा काढला, बकलासकट, मुठीला एक वेढा दिला. “बघा हं, नीट बघा,” म्हणत त्या उलट्या सीटवर फटकारला. मी चित्र काढत गेलो. “परत,” म्हणालो. परत. “जरा सावकाश.” सावकाश. “आता उलटा धरून, बकलाच्या बाजूनं.” तसाही मारला. रेग्झीन फाटून आतला स्पंज बाहेर आला. भाऊजींचा हात अगदी सवयीचा, मनगट शेवटच्या क्षणी वळतं. तेच मला सापडत नव्हतं. आत स्वयंपाकघरात काहीतरी काचेचं फुटलं.

मग दाराशी बसून कडीचं चित्र काढलं. ताई बाहेर आली. “कडी कशाला रे काढतोस?” रंग उडालेला. तिला हल्ली बरं नसतं.

आणि मी सांगितलं. का सांगू नये? इतकं नेमकं काम मी आयुष्यात केलेलं नाही. मुद्रणातला आवाज, बापाचं ‘कोण आहेस तू’, बकल, जमिनीवर फिरणारा दात, पायानं दाबून धरलेलं दार, सगळं, हावभावासकट. ताई ऐकता ऐकता भिंतीला टेकली. भाऊजींनी पट्टा गुंडाळून खुंटीला लावला, अगदी व्यवस्थित.

“कुणाचा आवाज म्हणता?”

“नाव नाही. अट आहे.”

“आणि हे लोकांना दाखवणार?”

“भरल्या सभागृहात,” मी म्हटलं. अभिमानानंच म्हटलं.

त्यांनी मला पट्ट्याचा एक तुकडा कापून दिला. पैसे घेतले नाहीत.

२३ जानेवारी

खारूला पट्ट्याची चित्रं दाखवली. वाटलं, आता तरी म्हणेल की मामा, कमाल आहे. त्यानं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं आणि मोरीत जाऊन ओकला.

“कुठे काढलीस ही?”

“तुझ्या वडिलांकडे. त्यांनी स्वतः फटकारून दाखवलं. मनगट बघ.”

“काय सांगितलंस त्यांना?”

“सगळं. का?”

तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन. एवढा बावीस वर्षांचा घोडा. म्हणाला, “मामा, तू सगळं ऐकतोस. तुला काहीच कसं ऐकू येत नाही रे?”

हा काय प्रश्न झाला? माझ्या कानाबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही.

नंतर उठून त्यानं दाराला आतून कडी घातली. दिवसासुद्धा. कामाला बसला तो मान वर न करता. विचारलं, एवढी घाई कसली? “पुरं व्हायला हवं, मामा. काही व्हायच्या आत पुरं व्हायला हवं.”

२५ जानेवारी

डाव्या तळहाताला टाके आहेत. उजव्यानं लिहितोय. क्रमानं लिहायचं, नाहीतर डोक्यातली चित्रं थांबणार नाहीत.

सकाळी यंत्रवाला खालून ओरडला, “चलचित्रकार, पाहुणे आलेत!” दाराची कडी मीच काढली. मीच.

भाऊजी आत आले. पट्टा मुठीला गुंडाळलेलाच होता, तोच, बकल सुटं. टेबलाच्या काचेखालचा दिवा चालू होता, वर शेवटचं पान होतं, भिंतीवरून सरपटणारं तोंड. त्यांनी ते पान उचललं, चुरगळलं, खारूच्या तोंडात कोंबायला गेले. “माझ्या घराची लक्तरं सभागृहात? कोण आहेस तू? बोल! कोण आहेस तू?”

खारू उठून उभा राहिला. पळाला नाही. नाकातून छोटा श्वास आत. टिक्.

“मग ऐका,” म्हणाला. “तुमची मुलगी.”

तो आवाज. बारीक, जपून लावलेला, तळाशी खरखर. तो आवाज मी दोन आठवडे अक्षर अक्षर करून चिरला होता. प्रत्येक अक्षराचं तोंड मी काढलं होतं. ज्याचं होतं त्याचं तेवढं काढलं नव्हतं.

मार दाखवायचा असेल तर माराच्या आधीचं चित्र जास्त वेळ ठेवावं, शरीर मागे खेचलेलं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. माझा नियम आहे. खोटा नियम. आधीचं चित्र नसतंच. बकल तिथे नव्हतं आणि मग जबड्यात होतं. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. खारू टेबलावर पडला, हनुवटी काचेच्या कडेवर, काच फुटली, खालचा दिवा फुटला. खारू पडला. पडली. भाऊजींनी केस धरून तिला वर ओढली आणि पुन्हा काचेवर आपटली. तोंडातून रक्त आणि लाळ एक होऊन माझ्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पसरलं. मी उभा होतो. बघत होतो. सवयीनं. मनगट शेवटच्या क्षणी वळतं, ते बघत होतो.

तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी मध्ये गेलो. पट्टा माझ्या मानेला बसला. तळहात काचेवर टेकला तो आरपार फाटला. मग लोखंडी स्टूल हातात आलं. पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर, कान अर्धा लोंबला. ते खाली बसले, हात वर केले, “मेहुणे, मेहुणे” म्हणाले. तरी मी मारला. आणखी एक मारला. बोटांची हाडं मोडल्याचं स्टुलाच्या पायातून माझ्या हाताला कळलं. थांबायचं नव्हतं मला. बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

यंत्रवाल्यानं आणि त्याच्या दोन माणसांनी मला मागून धरलं. भाऊजी जमिनीवरून, कान हातात धरून म्हणाले, “तुम्हीच तर सांगितलंत, मेहुणे. कडीसकट.”

२६ जानेवारी

इस्पितळ. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, गालाचं हाड तडकलंय. शस्त्रक्रिया झाली. दात तारांनी एकमेकांना बांधून टाकलेत. निदान सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, आता तर बोलायचाही प्रयत्न करायचा नाही.

पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेनं विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

“मामा.”

“भाचा आहे का तुमचा?”

“भाची,” म्हटलं. म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं. परिचारिका “बरं” म्हणाली आणि कापूस बदलत राहिली. जगात काही कोसळलं नाही.

२८ जानेवारी

पोलिसांनी जबाब घेतला. भाऊजी दुसऱ्या मजल्यावर आहेत, दाराशी शिपाई. दोन बोटं कापावी लागली. उजव्या हाताची. आता बाकदार सुई धरता येणार नाही. हे ऐकून मला जे वाटलं त्याचं नाव लिहीत नाही.

ताई खाली बाकावर बसली होती. वर येईना. मी शेजारी बसलो. तिच्या मनगटावर हिरवे-पिवळे डाग, एकावर एक, नवे आणि जुने. मी चित्रकार. इतक्या वर्षांत बाहीच्या आत बघितलं नाही.

ती म्हणाली, “खालची कडी अडकते रे.”

“बाहेरून पाय लावावा लागतो,” मी म्हटलं.

“लावला होता तिनं.” मग रडायला लागली. “लावलेला होता. आतून नुसतं एक बोट पुरतं. मी बोट लावून उभी होते. ते माझ्या मागे उभे होते. म्हणून विचारलं, कोण. आवाज ओळखला नव्हता का मी?”

‘लावला होता तिनं.’ ताईही ‘तिनं’ म्हणाली. कधीपासून?

कडी मी चुकीची काढलीय. जड, गंजलेली, हलणार नाही अशी. ती हलकी होती.

३१ जानेवारी

खारूकडे पाटी-कागद नेला. तिनं पहिल्यांदा लिहिलं, “काम कुठवर?”

म्हटलं, “काम गेलं खड्ड्यात.”

तिनं कागदावर जोरात रेघ मारली. माझीच सवय उचललेली. लिहिलं, “पुरं कर.”

मी म्हटलं, “शेवटी दार उघडलेलं दाखवू. मी तसं काढतो. छान उजेड येईल आतून.”

“खोटं नको.”

“बघणाऱ्यांना बरं वाटेल.”

“मला नाही.” आणि खाली, बारीक अक्षरात, “तोंड बरोबर काढ. बाकी काही नको.”

माझ्या समोरच तिच्या बोटांच्या पेरांवर ते पट्टीचे दोन वण होते. मी त्यांच्याकडे बघितलं. तिनं हात पांघरुणाखाली घेतला. मला लाज वाटू नये म्हणून घेतला, की मी परत मारेन म्हणून? विचारायचं धाडस झालं नाही.

३ फेब्रुवारी

पट्टी मोडायला गेलो. पोलादी आहे, मोडत नाही. नुसती वाकली. तशीच वाकडी ठेवलीय टेबलावर.

नवी काच बसवली. शाईतले सगळे ओ पात्यानं खरवडून काढले. तीच पानं, रक्ताचे डाग असलेलीही. डाग खोडरबरनं जात नाहीत, राहू दे.

मग आरशासमोर बसलो. तोंड काढायचं तर ते शब्द आपण म्हणायचे, हाच मार्ग आहे, दुसरा नाही. म्हटलं, “मी आलो.” चंबू. आयुष्यभराचा चंबू, डोळे मिटून काढता येईल. मग म्हटलं, “मी आले.” हसू आलं. मिशा, दाढीचे पांढरे खुंट, आणि आले! पुन्हा म्हटलं. तोंड बरोबर होतं, डोळे खोटे होते. थट्टा करणाऱ्याचे डोळे. पुन्हा. पुन्हा. खाली यंत्र थांबलं होतं. यंत्रवाला कागद द्यायला जिन्यात येऊन उभा होता, कधीपासून कुणास ठाऊक. एरवी त्यानं महिनाभर पुरवून हसायला घेतलं असतं.

“चालू द्या,” म्हणाला आणि कागद उंबऱ्यावर ठेवून गेला.

मग मी दारावर पाय दाबून धरून ते म्हटलं. तिच्यासारखं. जबडा मोडू शकतो हे माहीत असताना म्हटलं. तेव्हा कडा बाहेर गेल्या आणि आत दात दिसले आणि त्या तोंडाला थट्टा उरली नाही. ‘आलो’ म्हणताना ओठ पुढे येऊन आवळतात. ‘आले’ म्हणताना तोंड उघडंच राहतं, समोरच्यानं काहीतरी बोलावं म्हणून. एवढी वर्षं हे तक्त्यात होतं.

११ फेब्रुवारी

तोंडं पुरी झाली. कडीही नव्यानं काढली, हलकी. एका बोटाची. ती उघडत नाही, पण बघणाऱ्याला कळतं की उघडता आली असती. संस्थेच्या बाईंनी चाचणी बघितली. “हे मुद्दाम?” असं या वेळी विचारलं नाही. चष्मा पुसत बसल्या.

सभागृहात कधी दाखवायचं ते खारू ठरवेल. तिची गोष्ट आहे.

१४ फेब्रुवारी

उद्या खारूला घरी सोडणार असं इस्पितळानं सांगितलंय. ताईला कळवलं. मीच जाणार होतो, पण ताई म्हणाली, “मी जाते रे. एवढं तरी.” मागची खोली झाडली. पातळ जेवणाची सोय यंत्रवाल्याच्या बायकोनं केलीय. रस, सूप, नळीनं पिण्यासारखं. खारूला काय आवडतं म्हणून तिनं विचारलं. मला सांगता येईना. पेन्सिली, म्हणालो.

खार. शब्द बघा ना. ती खार. नाव ठेवलं तेव्हाच बरोबर ठेवलं होतं, आणि व्याकरणवाला मी!

१५ फेब्रुवारी

दुपारी जिन्यात पावलं वाजली. दोघींची. मग एकीची थांबली, एकीची वर आली. मी टेबलाशी होतो. दार लोटलेलं, वरून कडी. थाप पडली नाही. हाकही नाही. हाक मारता येत नाहीच.

मग दाराच्या खालच्या बाजूला काहीतरी टेकलं आणि फळी किंचित आत दबली. पाय. माझ्या दाराला खाली कडीच नाही. तरी तो पाय तसाच दाबून होता, सोडत नव्हता.

“कोण” हा शब्द जिभेवर आला होता. दाराशी गेलं की माणूस तेच म्हणतो. गिळला. कडी काढली.

चेहरा अजून सुजलेला, एका बाजूला पिवळा. खाली जिन्यात ताई, पिशवी उराशी धरून, वर यावं की नाही अशी.

मी म्हटलं, “आलीस?”

जबडा बांधलेला आहे, ‘आ’ला तो खाली जात नाही, आवाज तर नाहीच. नाकातून तेवढा छोटा श्वास. मग ओठांच्या कडा हळूहळू बाहेर गेल्या आणि तारांमागचे दात दिसले, पडलेल्या दाताच्या जागेसकट.

तक्त्याकडे बघावं लागलं नाही.